पूर्वार्ध माझा, उत्तरार्ध तिचा

माझी बायको वर्षभरात चाळीस पुस्तकं वाचणार आहे, ही बातमी मला मुलीच्या फोनवरून कळली. एका छपराखाली राहायचं, एका किटलीतला चहा प्यायचा आणि घरातली बातमी मात्र परगावाहून यायची, यावरून त्या दिवसांत आमच्याकडे कसलं वारं वाहत होतं ते समजून घ्या.

"बाबा, आईने ब्लॉग सुरू केलाय," मुलगी म्हणाली. "मीच करून दिला. पुस्तक वाचून झालं की त्यावर लिहायचं. वर्षाचं उद्दिष्ट चाळीस. आणि पूर्ण पुस्तकं हं बाबा! पहिल्या पानापासून."

ते 'पूर्ण' जरा जास्तच जोरात आलं. ते कुणाला उद्देशून होतं हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

आता मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल, बायकोने चार पुस्तकं वाचली तर या माणसाच्या पोटात का दुखतं.

मी बाइंडर आहे. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान, मागे आमचं बिऱ्हाड. वाचनालयाची फाटकीतुटकी पुस्तकं माझ्याकडे येतात. कुणाची शिलाई सुटलेली, कुणाचा पुठ्ठा गेलेला, कुणावर कपभर चहा सांडलेला. असं पुस्तक आधी उसवावं लागतं. जुना दोरा कापायचा, वाळलेली खळ खरवडायची आणि फर्मे सुटे करायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक ठेवून शिवल्या की पुस्तक होतं. उसवल्यापासून पुन्हा शिवेपर्यंत मध्ये आठवडाभर जातो. आमचा निम्मा संसार त्या मधल्या आठवड्यांत झाला.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. एक जाडजूड रहस्यकथा उसवून टेबलावर पडली होती. मी सहज पहिलं पान वाचलं आणि मग दोरा कुठे, सुई कुठे, काही भान राहिलं नाही. तेवढ्यात बायको इस्पितळातून ड्यूटी संपवून आली. ती परिचारिका, ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या वॉर्डात. सगळे तिला सिस्टर म्हणतात.

"मला द्या," ती म्हणाली.

"माझं व्हायचंय."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, टेबलावरचे खालचे फर्मे उचलले आणि खिडकीत जाऊन बसली.

"अगं, तो उत्तरार्ध आहे! मधूनच काय वाचणार?"

"का? माझे पेशंट कुठे पहिल्यापासून येतात? सगळे मधूनच येतात. काही अडत नाही माझं."

जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "चला, हँडओव्हर द्या." वॉर्डात पाळी बदलताना आधीची नर्स नंतरचीला एकेका पेशंटची हकिकत सांगते, त्याला हँडओव्हर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. "तो लंगडा मामा कोण हो? माझ्याकडे सारखा रडतोय."

"लंगडा? माझ्याकडे तर तो पळायच्या शर्यती जिंकतोय!"

दोघंही हातातला घास हातात धरून एकमेकांकडे बघत राहिलो. 

तेव्हा जो पायंडा पडला तो पडलाच. पुस्तक उसवलं की पूर्वार्ध टेबलाच्या डावीकडे, तो माझा. उत्तरार्ध खिडकीत, तो तिचा. वाचनालयाचा तगादा असायचा, अदलाबदल करायला सवड नसायची. आणि खरं सांगायचं तर गरजही वाटायची नाही. जेवताना ती विचारायची, मी सांगायचो. मग मी विचारायचो आणि ती भाव खायची. कोण मेलं ते तर तिने पहिल्या घासाला कधी म्हणून सांगितलं नाही. मला माणसं तरुणपणची ठाऊक, तिला म्हातारपणची. "तुमची ती अल्लड पोरगी आहे ना, फार खाष्ट सासू झाली हो," असं ती म्हणाली की ओळखीच्या घरातलं काहीतरी कानावर आल्यासारखं मला वाईट वाटायचं. आमची मुलगी लहानपणी दोघांच्या मध्ये बसून हे सगळं ऐकायची. तिला कितीतरी वर्षं वाटत होतं की पुस्तक वाचायला दोन माणसं लागतातच.

मग बायको निवृत्त झाली. निरोप समारंभात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "सिस्टर, तुम्ही खूप वाचता म्हणे! मला एखादं पुस्तक सुचवा ना. सुरुवातीपासून पकड घेणारं."

हारतुरे सांभाळत आम्ही घरी निघालो. वाटेत बायको म्हणाली, "मला एकाही पुस्तकाची सुरुवात सांगता येईना हो."

"मग मला विचारायचंस. मी होतो की तिथे!"

काही वाक्यं तोंडात असतात तोवर शहाणी असतात. ती चालता चालता थांबली.

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला विचारायचं. माणसं मधून हातात घेतली, पुस्तकंही मधूनच घेतली. एक गोष्ट तरी मला सुरुवातीपासून, माझी मी वाचायचीय. कुणालाही न विचारता."

"मग वाच की! कुणी अडवलंय?"

हे म्हणजे आगीत तेल. पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

ब्लॉगचं नाव 'पहिल्या पानापासून'. वर तिच्या चष्म्याचा फोटो. बाजूला एक गोल, एकेक पुस्तक झालं की तो थोडा थोडा भरत जाणार, आणि चाळीस झाली की पूर्ण. पहिल्याच लेखाचं पहिलं वाक्य होतं, 'मी आजवर शेकडो पुस्तकं वाचली आहेत आणि एकही वाचलेलं नाही.'

हे सगळं मला कसं माहीत? ब्लॉग मी वाचत नाही, असं मी मुलीला ठणकावून सांगितलं होतं. आणि मग दुकानाचं दार लोटून, फोन खळीच्या डब्याला टेकवून शब्दन् शब्द वाचत होतो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, त्यातली गत.

लिहीत होती मात्र झकास. एका गाजलेल्या प्रेमकथेबद्दल तिने लिहिलं, 'या नायकाला दुसऱ्या प्रकरणातच सलाइन लावायला हवं होतं, पुढचा त्रास वाचला असता.' एका थोर आत्मचरित्राबद्दल लिहिलं, 'लेखकाला स्वतःखेरीज कसलाही आजार नाही.' मी एकटाच दुकानात खो खो हसायचो. लोक वाचायला लागले. आधी तिच्या वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणी, मग मैत्रिणींच्या मैत्रिणी, मग कोण कुठले. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई, ज्यांना मी आजवर हसताना पाहिलेलं नाही, त्यासुद्धा खाली 'वा' लिहू लागल्या.

आणि जेवताना?

"आज काय वाचलंस?"

"लिहिलंय ब्लॉगवर."

"मी ब्लॉग वाचत नाही."

"मग राहू द्या."

संपलं. पुढे चमच्यांचा आवाज. तिला तरी काय दोष देणार? तिच्याकडे आता पुस्तकाची दोन्ही टोकं होती, मला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मीही पूर्वार्ध वाचणं सोडून दिलं. माणसांना ऐन उमेदीत आणून सोडायचं आणि पुढे त्यांचं काय झालं हे विचारायला कुणी नाही, असल्या वाचनात काय राम? ती समोर बसून जेवत असायची आणि मला तिची आठवण यायची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्याच दिवसांत वाचनालयातून दोन जुन्या कादंबऱ्या आल्या. एकाच प्रकाशकाच्या, एकाच मापाच्या, एकाच टाइपातल्या. दोन्ही मी उसवल्या. हाताला सवय, दोन्हींचे पूर्वार्ध डावीकडे ठेवले आणि उत्तरार्ध खिडकीत. मग लक्षात आलं, आता खिडकीत कुणी बसत नाही. तरी तसेच राहू दिले. वाटलं, येता-जाता नजर जाईल, एखादं पान उचलेल. ती आली, गठ्ठे उचलले, खालची धूळ पुसली, गठ्ठे परत ठेवले आणि आत निघून गेली. तिच्या हातात तिचं स्वतःचं पुस्तक होतं, एक बोट पानात घातलेलं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, नको तर नको. तिरीमिरीत मी दोन्ही पुस्तकं एका बैठकीत शिवून टाकली. बाइंडर शिवताना मजकूर वाचत नाही, पानांचे आकडे बघतो. एकशे चव्वेचाळीसच्या पुढे एकशे पंचेचाळीस आलं की झालं. दोन्हींत तसं आलं. नवे पुठ्ठे चढवले, शिकंज्यात घालून चक्र आवळून दाबली आणि पाठवून दिली.

वर्ष संपत आलं तेव्हा तिच्या गोलात अगदी फटीएवढी जागा उरली होती. बायको वाचनालयातून पुस्तक आणायची, संपवायची, लिहायची. एका रविवारी तो गोल पूर्ण भरला. चाळीस! मुलीचा फोन, मैत्रिणींचे फोन, दारावरची बेल. मीही तोंडातल्या तोंडात अभिनंदन केलं, तिनेही तोंडातल्या तोंडात आभार मानले. मग मी लगबगीने दुकानात गेलो आणि चाळिसाव्या पुस्तकावरचा लेख उघडला.

दोन बहिणींची गोष्ट होती. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरावरून थोरली आणि धाकटी कोर्टात भांडतायत. थोरली त्या घरात एकटी कोंडून घेऊन बसलीय. आणि मग, बायकोने लिहिलं होतं, 'एका संध्याकाळी बेल वाजते. थोरली कडी काढते आणि दारात पाणी आलेलं असतं! तिसऱ्या मजल्यावर समुद्र! लेखिका एका शब्दानेही समजावून सांगत नाही. थोरली घर, खटला, बहीण, सगळं मागे टाकते, नावसुद्धा बदलते आणि एका दीपगृहाच्या राखणदाराबरोबर संसार मांडते. घराचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. मला वाटतं, तेच बरोबर आहे. मधूनच आलेल्या माणसाला मागचं फार विचारू नये, एवढं मी वॉर्डात शिकले. चाळिसात हे पुस्तक माझं सर्वांत लाडकं. सुरुवातीपासून वाचलं म्हणून त्या दाराची किंमत कळली.'

माझ्या अंगावर काटा आला. काय लिहिते ही बाई! खाली तर कौतुकाचा नुसता पूर. एका गृहस्थाने लिहिलं होतं की त्यानेही ही कादंबरी तरुणपणी वाचली होती आणि दाराशी आलेलं ते पाणी तो आजवर विसरलेला नाही.

दोन दिवसांनी ग्रंथपाल बाई दुकानात आल्या. बायको माझा चहा घेऊन नुकतीच बाहेर आली होती. "सिस्टर, अभिनंदन," बाई म्हणाल्या, पण चेहरा अभिनंदनाचा नव्हता. "तुमचा लेख मी दोनदा वाचला. म्हणूनच आले." त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पुठ्ठा माझाच. "आमचे एक सभासद भांडायला आलेत. म्हणतात, दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट वाचत होतो. ऐन वादळात दिवा विझतो. हा धडपडत खाली उतरतो, आणि तोवर धाकटी उभी असते, हातात बॅग घेऊन! ही धाकटी कोण, आणि माझ्या दिव्याचं काय झालं, असं विचारतायत ते."

मी पुस्तक उघडलं. एकशे चव्वेचाळीस. एकशे पंचेचाळीस. आकडे बरोबर. मग आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळी मी मजकूर वाचला, आणि माझे कान तापले.

मी काही बोलायच्या आत बायकोने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. ती स्टुलावर बसली. तिने दोन पानं मागची वाचली, दोन पुढची वाचली.

"म्हणजे माझं चाळिसावं," ती म्हणाली.

"दोन वेगवेगळ्या पुस्तकांची... म्हणजे अर्धी अर्धी..." मी म्हणालो.

"पुन्हा अर्धीच."

तिने चहाचा कप माझ्याऐवजी ग्रंथपाल बाईंच्या हातात दिला आणि ती आत गेली. बाई बिचाऱ्या संकोचल्या. "मीसुद्धा खाली 'वा' लिहून बसलेय हो," त्या म्हणाल्या. "दोन्ही पुस्तकं नीट शिवून द्या महिनाअखेरीपर्यंत. दुसरं सिस्टरांकडेच आहे." चहा मात्र पूर्ण पिऊन गेल्या.

मी शिकंज्याला टेकून बसलो. दुसऱ्या कुणीही ते पुस्तक वाचलं असतं तर त्या पानावर अडखळलं असतं, तो सभासद अडखळला तसं. ती अडखळली नाही. कशी अडखळेल? पुस्तकाच्या मध्यावर अनोळखी माणसं अंगावर येणार आणि आपण ती निमूट सांभाळून घ्यायची, ही तिची सवय जुनी. ती माझ्याच खिडकीत बसून लागलेली. आणि आम्ही जेवताना पहिल्यासारखे बोलत असतो तर? ती म्हणाली असती, 'अहो, थोरलीच्या दारात पाणी आलं.' मी म्हटलं असतं, 'तिसऱ्या मजल्यावर? काहीतरीच काय!' आणि तिथल्या तिथे चोरी पकडली असती. वाचनालयाला कळायच्या आधी, जगाला कळायच्या आधी.

तिने तो लेख काढून टाकला. गोलात पुन्हा फट पडली. मुलीने फोनवर नाना तऱ्हेने समजावलं, "आई, अजून दिवस आहेत, दुसरं एखादं वाच, लहानसं." बायको म्हणाली, "नको गं. हौस फिटली. बंद करून टाक तो ब्लॉग." मग फोन ठेवून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पहिल्या पानापासून वाचलं होतं हो मी. एकही पान सोडलं नव्हतं."

ती ओरडली असती तर मला चाललं असतं. भांडायची मला तयारी असते, भांडणात मी कधी कमी पडलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उसवायला सुरी घेतली. सभासदाने परत केलेलं, दीपगृहवालं. म्हटलं, आज उसवू, दोन्ही नीट शिवू, तिच्या हातात दोन पूर्ण पुस्तकं ठेवू आणि माफी मागू. सुरी दोऱ्याला लावली, आणि सहज पहिलं पान वाचलं.

सुरी तशीच राहिली.

मी खिडकीत जाऊन बसलो. तिच्या जागेवर. तिथे उजेड इतका छान येतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ती आतबाहेर करताना मला बघत होती. एकदा फक्त येऊन पडदा थोडा सरकवून गेली, माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून.

पुस्तक संपलं त्या संध्याकाळी जेवायला बसलो. मी घसा खाकरला.

"हँडओव्हर घेणार?"

तिने पोळीचा तुकडा मोडला.

"थोरलीच्या दारात पाणी नव्हतं," मी म्हटलं.

तिचा घास थांबला. मग हळूच, "मग?"

"धाकटी उभी होती. हातात बॅग घेऊन."

"ती कशाला आली? खटला तर तीच जिंकणार होती!"

आता माझ्या जिभेवर अख्खी गोष्ट नाचत होती. पण मी स्वतःला आवरलं. "हे बघ," मी म्हटलं, "मी दोन्ही पुस्तकं नीट शिवून देतो. तू स्वतः वाच. पहिल्या पानापासून, मला न विचारता. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही." आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. फार कठीण गेलं, पण मनापासून.

तिने विचार केला. भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं, जे तिने कित्येक महिने सरकवलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. पण कोण मेलं ते आधी सांगायचं नाही."

"कोणीच मरत नाही."

"सांगितलंतच ना! बरं, आधी मला एक सांगा. तो राखणदार माझ्याकडे म्हातारा होईपर्यंत स्वतःला दोष देत बसतो. दिवा विझला त्या रात्री त्याने केलं तरी काय होतं?"

"काही नाही गं. दिवा पुन्हा लावायचा सोडून बुडणाऱ्या मांजराला वाचवायला खाली उतरला."

"मांजर!" तिने कपाळावर हात मारला. "म्हणून त्याच्या घरात पुढे इतकी मांजरं! आणि मी आपली म्हणतेय, थोरलीला मांजरांची आवड कधीपासून लागली!"

आणि ती हसायला लागली. अशी हसली की ठसका लागला, मी उठून पाणी दिलं, तर पाणी बघून आणखी हसली. "दारात पाणी आलं हो," ती म्हणाली, आणि मग मलाही आवरेना. डोळे पुसता पुसता तिचं हसू मध्येच कुठेतरी रडण्याकडे वळलं आणि परत आलं. मी तिचा हात धरून बसलो. जेवण गार झालं, ते आम्ही गारच जेवलो, कारण घराचा निकाल काय लागला ते सांगायचं राहिलं होतं.

मुलीने ब्लॉग बंद केलाच नव्हता. वर्ष सरायच्या आत त्यावर नवा लेख आला. तिने सगळं लिहिलं होतं, फर्मे, आकडे, तिरीमिरीत शिवणारा नवरा, सगळं. तो काढलेला लेखही जसाच्या तसा खाली परत लावला होता. 'दाराशी आलेलं पाणी तरुणपणापासून न विसरलेल्या गृहस्थांना माझा नमस्कार,' असंही एक वाक्य होतं. शेवटी लिहिलं होतं, 'एकोणचाळीस पूर्ण आणि दोन अर्धी. ही दोन अर्धी मी एका जाणकार वाचकाबरोबर वाचली, जे माझा ब्लॉग वाचत नाहीत. ज्यांच्या फोनच्या काचेला नेहमी खळ लागलेली असते. चाळीस धरते.'

मी गुपचूप फोनची काच सदऱ्याला पुसली.

दोन्ही पुस्तकं मी नीट शिवली. या वेळी आकडा बघितलाच, शिवाय प्रत्येक जोडावरची ओळ मोठ्याने वाचली आणि आतून तिने "हं, बरोबर" म्हटल्यावरच टाका घातला.

नवीन वर्ष लागलं. ब्लॉगवर नवं उद्दिष्ट झळकलं, 'वीस पूर्ण. अर्धी किती ते मोजणार नाही.' वाचनालयातून पहिला गठ्ठा आला, मी एक जाड कादंबरी उसवली. पूर्वार्ध डावीकडे ठेवला, उत्तरार्ध खिडकीत ठेवला आणि उगाच दोरा शोधत बसलो, कान आतल्या पावलांकडे.

ती आली. खिडकीकडे गेलीच नाही. माझ्या डावीकडचे फर्मे उचलले आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"अगं, तो माझा!"

"यंदापासून पूर्वार्ध माझा," ती पहिलं पान उघडत म्हणाली. "तुम्ही घ्या उत्तरार्ध. म्हातारी माणसं सांभाळायला शिका जरा."

मी मुकाट्याने खिडकीत जाऊन बसलो आणि वाचायला लागलो. काही कळेना. कोण कुणाची सून, घर कुणाचं, सगळे एकमेकांवर का रुसलेत, काही पत्ता नाही. एक म्हातारी कमरेला किल्ल्या लावून फिरत होती आणि कोपरा दिसला की रडत होती. मागचं काही माहीत नसताना तिच्यावर माया करायची, हे वाटतं तितकं सोपं नाही. बायकोने हे इतकी वर्षं केलं, वॉर्डातही आणि इथेही, आणि मला वाटत राहिलं की खरी गोष्ट माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नुसता शेवट. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती वाचताना ओठ हलवते, हे मला नव्यानेच दिसलं.

जेवायला बसलो. मला पहिल्या घासापर्यंतही दम निघेना.

"ती किल्ल्यांवाली म्हातारी कोण गं? माझ्याकडे सारखी रडतेय."

तिने हातातला घास खाली ठेवला आणि डोळे मोठे केले.

"म्हातारी? अहो, माझ्याकडे ती अजून झाडावरून उतरलेली नाही!"